वॉटरफॉल चार्टमधल्या बारचे रंग: चढ-उतार दाखवावा की हित-अहित?

चाकणकर (धागाकर्ता)

नमस्कार. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी वित्त विभाग सांभाळतो. गेल्या वर्षीचा एबिट्डा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) यंदा कशामुळे बदलला हे पायरीपायरीच्या बारांनी दाखवणारा वॉटरफॉल चार्ट, ज्याला आमच्याकडे सगळे ‘ब्रिज’ म्हणतात, तो मला दर महिन्याच्या आढावा बैठकीसाठी तयार करावा लागतो. खरे आकडे देता येणार नाहीत, म्हणून उदाहरणापुरते बदलून कोटी रुपयांत देतो. गेल्या वर्षी ४२.०, विक्रीचे प्रमाण वाढल्यामुळे +६.५, दरवाढीमुळे +२.०, प्रॉडक्ट मिक्समुळे (विकल्या गेलेल्या वेगवेगळ्या मालाचे प्रमाण बदलल्यामुळे) −१.२, कच्च्या मालामुळे −५.८, मजुरीमुळे −१.४, विजेमुळे −०.९, परकीय चलनामुळे +०.६ आणि यंदा ४१.८.

माझ्या तीन अडचणी आहेत. एक्सेलमधला तयार वॉटरफॉल चार्ट वाढ, घट आणि एकूण असे तीनच रंग देतो. मला मात्र कच्च्या मालाचा बार इतरांपेक्षा ठळक दाखवायचा आहे, कारण बैठकीतली सगळी चर्चा त्याच्याभोवतीच व्हायला हवी. दुसरी अडचण अशी की, प्रत्येक नगामागचा खर्च २१२ रुपयांवरून २२७ रुपयांवर कसा गेला याचाही एक ब्रिज मी काढतो (कच्चा माल +१४, वीज +३, भंगार कमी झाल्यामुळे −४, मजुरी +२) आणि त्यात वाढलेला खर्च हिरवा व वाचलेला खर्च लाल दिसतो, जे उघडच उलटे आहे. तिसरी अडचण म्हणजे चार्ट पॉवरपॉइंटमध्ये नेला की सगळे रंग बदलतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आकडेमोड

तीन रंग बदलायचे असतील तर बारवर क्लिक करण्याऐवजी खाली किंवा वर दिसणाऱ्या लेजंडमधल्या (रंगांच्या सूचीतल्या) ‘इन्क्रीज’ या नोंदीवर क्लिक करावे. आधी एकदा क्लिक केल्यावर पूर्ण लेजंड निवडला जातो आणि पुन्हा क्लिक केल्यावर फक्त ती नोंद. मग उजवे क्लिक करून फिलमधून रंग द्यावा, म्हणजे वाढीचे सगळे बार एकदम बदलतात. घट आणि एकूण यांच्यासाठीही हीच रीत आहे.

ताळेबंद

आकडेमोड यांनी सांगितलेली रीत बरोबर आहे. तिला थोडी जोड देतो.

एकाच बारला वेगळा रंग द्यायचा असेल तर त्या बारवर एकदा क्लिक करावे, म्हणजे सगळी मालिका निवडली जाते. थोडे थांबून त्याच बारवर पुन्हा क्लिक केले की तेवढाच बार निवडलेला राहतो आणि बाकीचे फिके पडतात. मग ‘फॉरमॅट डेटा पॉइंट’मध्ये जाऊन फिल बदलावे. शेवटचा ४१.८ चा बार हवेत तरंगत असेल, तर त्याच ठिकाणी ‘सेट ॲज टोटल’ हा पर्याय आहे. त्याने बार शून्यापासून सुरू होतो आणि त्याला ‘एकूण’चा रंगही आपोआप मिळतो.

पॉवरपॉइंटमध्ये रंग बदलण्याचे कारण थीम, म्हणजे फाइलचा ठरलेला रंगसंच, हे आहे. एक्सेल २०१६ पासून आलेला हा चार्ट आपले तीन रंग वर्कबुकच्या थीममधून घेतो: वाढीला ॲक्सेंट १, घटीला ॲक्सेंट २ आणि एकूणला ॲक्सेंट ३. चार्ट साधा पेस्ट केला की पॉवरपॉइंट त्याला स्वतःच्या थीमचे रंग लावतो. म्हणून पेस्ट करताना ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ निवडावे, किंवा रंग थीमच्या चौकटीतून न घेता ‘मोअर कलर्स’मधून लाल-हिरवा-निळ्याचे आकडे टाकून द्यावेत, असे दिलेले रंग थीमबरोबर बदलत नाहीत. कंपनीत अनेक जण अहवाल बनवत असतील, तर सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे एक्सेल आणि पॉवरपॉइंट या दोन्हींसाठी एकच सानुकूल थीम तयार करून सर्वांना देणे.

चाकणकर

दोघांचेही आभार. लेजंडची युक्ती मला माहीत नव्हती, आणि थीमचे कारण कळल्यावर तिसरी अडचण पूर्ण सुटली.

कच्च्या मालाचा बारही वेगळ्या रंगात आला, परंतु ओळी मोठ्या परिणामापासून लहान परिणामापर्यंत सॉर्ट केल्यावर रंग जुन्याच जागी राहिला आणि कच्च्या मालाऐवजी मजुरीचा बार ठळक झाला. दर महिन्याला हाताने रंग बदलत राहणे धोक्याचे वाटते.

खतावणी

ही अडचण हाताने रंग देण्याच्या पद्धतीतच आहे, कारण तो रंग ‘पाचवा बार’ या स्थानाला चिकटतो. त्या ओळीत कोणती बाब आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. रंग माहितीला बांधायचा असेल तर तयार चार्ट सोडून जुन्या पद्धतीचा स्टॅक्ड कॉलम चार्ट (एकावर एक तुकडे रचलेल्या बारांचा) घ्यावा लागतो. आमच्या कार्यालयात आम्ही तोच वापरतो, आणि दोनदा हात बसला की तो अवघड नाही.

प्रत्येक ओळीसाठी ‘आधीची बेरीज’ आणि ‘नंतरची बेरीज’ हे दोन स्तंभ काढावेत. तुमच्याच उदाहरणात कच्च्या मालाच्या ओळीत आधीची बेरीज ४९.३ आणि नंतरची ४३.५ येते. या दोहोंतली लहान संख्या, म्हणजे ४३.५, हा ‘आधार’. त्या मालिकेला चार्टमध्ये ‘नो फिल’ द्यायचे, म्हणजे ती अदृश्य राहते. दोहोंतला फरक, म्हणजे ५.८, ही बारची उंची. ही उंची एकाच स्तंभात न ठेवता ‘अनुकूल’, ‘प्रतिकूल’ आणि ‘ठळक’ अशा तीन स्तंभांपैकी एकात सूत्राने टाकायची आणि उरलेले दोन रिकामे ठेवायचे. प्रत्येक स्तंभ ही चार्टमधली वेगळी मालिका असल्यामुळे तिचा रंग एकदाच ठरवावा लागतो. ओळी कशाही सॉर्ट केल्या तरी रंग बाबीबरोबरच फिरतो. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा बार चौथ्या, ‘एकूण’ या मालिकेत जातात.

आता तुमच्या दुसऱ्या अडचणीबद्दल. आम्ही वर एका सेलमध्ये ‘गुणक’ ठेवतो. नफ्याच्या ब्रिजसाठी तो +१ आणि खर्चाच्या ब्रिजसाठी −१. बदल गुणिले गुणक शून्यापेक्षा जास्त आला तर उंची ‘अनुकूल’मध्ये, नाहीतर ‘प्रतिकूल’मध्ये. त्यामुळे खर्चाच्या ब्रिजमध्ये कच्च्या मालाचे +१४ आपोआप प्रतिकूल रंगात दिसते आणि भंगाराचे −४ अनुकूल रंगात. एकच साचा दोन्ही चार्टना पुरतो.

मात्र बेरीज शून्याच्या खाली जाणार असेल तर ही मांडणी जशीच्या तशी चालत नाही.

रोजमेळ

खतावणी यांच्या शेवटच्या वाक्याला पुरवणी. समजा, आधीची बेरीज +३ आणि नंतरची −२ असेल, तर बारचे दोन तुकडे करावे लागतात: शून्याच्या वर ३ आणि खाली २. सूत्र असे बसते: वरचा तुकडा म्हणजे ‘मोठी बेरीज आणि शून्य यांतली मोठी’ वजा ‘लहान बेरीज आणि शून्य यांतली मोठी’, खालचा तुकडा काढताना दोन्ही ठिकाणी ‘शून्य यांतली लहान’ घ्यायची आणि येणाऱ्या संख्येला वजा चिन्ह द्यायचे. आधाराचेही असेच वरचा व खालचा असे दोन स्तंभ होतात. दोन्ही तुकड्यांना नेमका तोच रंग द्यावा आणि बॉर्डर काढून टाकावी, नाहीतर शून्याच्या रेषेवर दोन वेगळे बार असल्याचा भास होतो.

याला पर्याय म्हणजे लाइन चार्टमधले अप-डाउन बार. आधीच्या आणि नंतरच्या बेरजेच्या दोन रेषा काढून अप-डाउन बार चालू केले की शून्य ओलांडणारा बारही बिनचूक येतो. परंतु सगळ्या ‘अप’ बारना एकच रंग आणि सगळ्या ‘डाउन’ बारना एकच रंग मिळतो, त्यामुळे चाकणकर यांना हवा असलेला एक ठळक बार त्यात सुटा रंगवता येत नाही.

हिशेबतपासनीस

तांत्रिक माहिती उत्तम आहे, पण मूळ कल्पनेबद्दल माझा मतभेद नोंदवतो.

अहवालातला रंग तटस्थ असावा असे मला वाटते. बार वर गेला तर एक रंग, खाली आला तर दुसरा. एवढेच चार्टने सांगावे. कोणती गोष्ट चांगली आणि कोणती वाईट हा निर्णय वाचणाऱ्याचा आहे. मजुरीचा खर्च वाढला याला लाल रंग दिला की तो खर्च चुकीचा होता असे आपण सुचवतो. प्रत्यक्षात कुशल कारागीर टिकवण्यासाठी तो जाणीवपूर्वक केलेला असू शकतो. लेखापालाने रंगातून शेरे मारू नयेत.

उसाचा_फड

हिशेबतपासनीस यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि माझ्या क्षेत्रातले उदाहरण त्याला बळ देते. मी एका सहकारी साखर कारखान्यात काम करतो. आमच्या अहवालात साखरेच्या साठ्याचा ब्रिज असतो: आरंभीचा साठा २.४ लाख क्विंटल, हंगामातले उत्पादन +९.६, विक्री −८.९, अखेरचा साठा ३.१ (हेही उदाहरणापुरते आकडे). तयार चार्ट विक्रीचा बार घटीच्या रंगात दाखवतो. तो रंग लाल असला की सभासदाला वाटते, ८.९ लाख क्विंटलचे काहीतरी नुकसान झाले. वास्तविक साखर विकली गेली म्हणून तर उसाचे पैसे देता आले! अशा ठिकाणी लाल-हिरवे अजिबात वापरू नये. आम्ही उत्पादनाला गडद निळा आणि विक्रीला फिका निळा देतो.

ताळेबंद

उसाचा_फड यांचे उदाहरण मला वेगळ्या निष्कर्षाकडे नेते. साठ्याच्या ब्रिजमध्ये लाल रंग खटकतो, कारण वाचणारा लाल म्हणजे ‘वाईट’ असेच वाचतो. रंग कितीही तटस्थ हेतूने दिला तरी लाल-हिरव्याचा अर्थ वाचणाऱ्याच्या मनात आधीच पक्का बसलेला असतो. मग खर्चाच्या चार्टमध्ये खर्चवाढ हिरवी ठेवणे याला तटस्थता म्हणता येत नाही. ती चुकीची माहिती ठरते.

शिवाय बार वर गेला की खाली आला हे त्याच्या जागेवरून आणि आकड्यापुढच्या चिन्हावरून आधीच कळते. तीच गोष्ट रंगाने पुन्हा सांगण्यात रंग वाया जातो. जागेवरून जे कळत नाही, म्हणजे हा बदल आपल्या हिताचा की अहिताचा, ते सांगायला रंग वापरावा. आणि जिथे हित-अहिताचा प्रश्नच नाही, जसे साठा किंवा कर्मचारीसंख्या, तिथे एकाच रंगाच्या दोन छटा पुरतात.

रोख प्रवाहाचा ब्रिज याची खरी परीक्षा घेतो. आरंभीची रोकड १८ कोटी, व्यवसायातून +२६, नव्या यंत्रांवर −२१, कर्जफेड −६, अखेरची रोकड १७. इथे −२१ आणि −६ लाल रंगवले तर कंपनी अडचणीत असल्यासारखी दिसते, तर प्रत्यक्षात ती कमावलेल्या पैशातून क्षमता वाढवते आहे आणि कर्जही फेडते आहे. अशा चार्टमध्ये मी व्यवसाय, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा या तीन गटांना तीन रंग देतो. रोख प्रवाह पत्रकाची विभागणीही तशीच असल्यामुळे वाचणाऱ्याला ती ओळखीची असते.

हिशेबतपासनीस

रोख प्रवाहाच्या उदाहरणाशी पूर्ण सहमत आहे. नफ्याच्या ब्रिजमध्ये मुळात प्रत्येक बाब ‘नफ्यावर झालेला परिणाम’ या स्वरूपातच मांडलेली असते, त्यामुळे तिथे चढ-उतार आणि हित-अहित एकच होतात, हेही मला मान्य आहे. मजुरीबद्दलचा आक्षेप मात्र कायम ठेवतो. निदान संचालकांसमोरच्या चार्टखाली ‘रंग नफ्यावरील परिणाम दर्शवतो, कार्यक्षमतेचे मूल्यमापन नव्हे’ अशी एक ओळ असावी.

निळी_शाई

सर्व सभासदांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी अशी विनंती आहे. मला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट दिसत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांमध्ये सुमारे ०.५ टक्के व्यक्तींना हा दोष असतो. त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे पुरुषांमध्ये त्याचे प्रमाण जास्त आढळते. दहा-बारा पुरुषांच्या बैठकीत असा एखादा माणूस असण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि तो सहसा हे बोलून दाखवत नाही.

आधीच्या प्रतिसादांत चिन्हांचा उल्लेख आला, पण प्रत्यक्षात बहुतेक चार्टमध्ये वाढीच्या आकड्यापुढे अधिकचे चिन्ह नसते. एक्सेलमध्ये डेटा लेबलच्या नंबर फॉरमॅटमध्ये ‘कस्टम’ निवडून अधिक चिन्ह, शून्य, दशांशचिन्ह, शून्य, मग अर्धविराम आणि त्यापुढे वजा चिन्हासह तेच लिहिले की +६.५ आणि −५.८ असे नीट दिसते. माझ्यासारख्याला रंगापेक्षा या चिन्हाचा आधार जास्त वाटतो. अर्थ केवळ रंगावर अवलंबून ठेवू नये, हा संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठीच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वांमधलाही एक निकष आहे.

रंगच निवडायचे असतील तर मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांनी सुचवलेला रंगसंच घ्यावा. त्यातला निळा (०, ११४, १७८) आणि शेंदरी (२१३, ९४, ०) ही जोडी मला स्पष्ट वेगळी दिसते. निळा अनुकूल, शेंदरी प्रतिकूल; दोन-तीन बैठकांत सगळ्यांना सवय होते.

उसाचा_फड

निळी_शाई यांनी अतिशय महत्त्वाचा मुद्दा मांडला, त्याबद्दल आभार. त्याला छपाईची बाजू जोडतो, कारण आमचा वार्षिक अहवाल एकाच रंगात छापला जातो आणि बऱ्याच सभासदांच्या हाती तर त्याचीही झेरॉक्स पडते.

रंगीत चित्र कृष्णधवल करताना प्रचलित रीतीने लालाला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ असा भार देऊन उजळपणा काढतात. आता नेहमीचा भडक लाल (२५५, ०, ०) घ्या: उजळपणा ७६. नेहमीचा गडद हिरवा (०, १२८, ०) घ्या: ७५. म्हणजे छापील कागदावर दोन्ही बार एकाच करड्या रंगाचे! निळी_शाई यांच्या जोडीत निळ्याचा उजळपणा ८७ आणि शेंदरीचा ११९ येतो. फरक आहे, पण झेरॉक्समध्ये तो पुसट होतो. त्याच संचातला नारिंगी (२३०, १५९, ०) घेतला तर उजळपणा १६२ येतो आणि निळा-नारिंगी जोडी कागदावरही टिकते.

जिथे छपाईची खात्री नसते तिथे स्टॅक्ड कॉलममध्ये प्रतिकूल मालिकेला पॅटर्न फिलच्या तिरप्या रेषा द्याव्यात. रेषा जरा जाड निवडाव्यात, बारीक रेषा झेरॉक्समध्ये भरून जातात.

खतावणी

उजळपणाचे आकडे करून पाहिले, बरोबर आहेत. वाचनखूण साठवली आहे.

पूर्वेकडून

मी टोकियोत एका उत्पादन कंपनीच्या नियोजन विभागात काम करतो. इथल्या शेअर बाजाराच्या फलकांवर भाव वाढला की तो लाल दिसतो आणि उतरला की हिरवा किंवा निळा. चीन, तैवान आणि दक्षिण कोरियातही वाढ लाल रंगातच दाखवतात. कोरियात घट निळी असते. मुंबईच्या बाजाराची सवय असलेल्या माणसाला पहिले काही दिवस सगळा बाजार कोसळल्यासारखाच वाटतो. गंमत म्हणजे इथेही हिशेबातला तोटा ‘लाल आकडा’च समजला जातो, त्यामुळे एकाच कार्यालयात लाल रंगाचे दोन अर्थ नांदतात.

ज्यांचे अहवाल पुणे आणि टोकियो अशा दोन्ही ठिकाणी वाचले जातात, त्यांनी निळी_शाई यांची निळी-शेंदरी जोडी वापरावी आणि चार्टवरच ‘अनुकूल’, ‘प्रतिकूल’ असे लिहावे. आम्ही लेजंड काढून टाकून शीर्षकाखालच्या ओळीत ते दोन शब्द त्या त्या रंगात लिहितो. दक्षिण कोरियात निळा म्हणजे घट असल्यामुळे तिथल्या शाखेसाठी हे लिहिणे विशेष गरजेचे ठरते.

डॅशबोर्डवाला

एक्सेलबाहेरच्या साधनांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण चाकणकर यांना पुढेमागे तिकडे जावेच लागेल.

पॉवर बीआयच्या वॉटरफॉलमध्ये फॉरमॅटच्या पॅनमध्ये इन्क्रीज, डिक्रीज आणि टोटल असे रंग मिळतात, आणि ब्रेकडाउन लावले असेल तर अदरही. सगळ्या अहवालांत एकच रंग हवे असतील तर थीमच्या जेसन फाइलमध्ये (थीमच्या नोंदी असलेली मजकूर फाइल) ‘गुड’, ‘बॅड’ आणि ‘न्यूट्रल’ या तीन नोंदी असतात. वॉटरफॉल आणि केपीआय (कामगिरीचा मुख्य निर्देशांक) ही दोन्ही दृश्ये तिथून रंग उचलतात. सावधगिरी इथेच हवी. थीममध्ये नाव ‘बॅड’ असले तरी वॉटरफॉल ते डोळे झाकून घटीला लावतो. त्यामुळे खर्चाच्या ब्रिजमध्ये भंगारातली बचत ‘बॅड’च्या रंगात येते, आणि त्या चार्टपुरते दोन रंग हाताने उलटवावे लागतात.

गूगल शीट्समध्ये ‘कस्टमाइझ’खालच्या ‘सिरीज’मध्ये धन, ऋण आणि उपबेरीज यांचे रंग वेगवेगळे देता येतात. टॅब्लोमध्ये वॉटरफॉल गँट बारमधून (सुरुवात आणि लांबी देऊन काढलेल्या बारमधून) उभा करतात: रनिंग टोटल घ्यायची, बदलाची उलटी संख्या ‘साइझ’वर टाकायची आणि ‘कलर’वर आपले सूत्र. इथे खतावणी यांचा गुणक सरळ त्या सूत्रात घालता येतो, म्हणून रंगांच्या बाबतीत मला टॅब्लो सगळ्यांत मोकळा वाटतो.

रोजमेळ

अजून कोणी ‘एकूण’च्या बारबद्दल बोलले नाही. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा बार एकाच रंगात असावेत का?

ताळेबंद

माझ्या मते असू नयेत. व्यावसायिक अहवालांसाठी आयबीसीएस नावाचे आंतरराष्ट्रीय संकेत आहेत. त्यांत चालू काळाचा प्रत्यक्ष आकडा गडद भरीव, मागील काळाचा फिका भरीव, नियोजित आकडा फक्त बाह्यरेषेचा आणि अंदाज तिरप्या रेषांचा, अशी पद्धत आहे. त्यानुसार ४२.० चा बार फिका करडा आणि ४१.८ चा गडद करडा हवा. अंदाजपत्रकाशी तुलना असेल तर पहिला बार पोकळ. लाल-हिरवे किंवा निळे-शेंदरी हे रंग मधल्या बदलांसाठीच राखून ठेवावेत. तयार चार्टमध्ये ‘एकूण’ला एकच रंग असल्यामुळे पहिल्या बारवर दोनदा क्लिक करून तो वेगळा करावा लागतो, तो कायम पहिलाच असल्याने सॉर्टचा प्रश्न तिथे येत नाही.

आकडेमोड

आमच्या कंपनीच्या बोधचिन्हाचा रंगच लाल आहे आणि प्रत्येक चार्ट त्याच रंगात हवा असा वरिष्ठांचा आग्रह असतो. यावर कोणी मार्ग काढला आहे का?

खतावणी

आम्हीही अशाच आग्रहाला सामोरे गेलो आहोत. बोधचिन्हाचा रंग स्लाइडच्या शीर्षकपट्टीला आणि खालच्या रेषेला द्यावा, चार्टच्या आत येऊ देऊ नये. वरिष्ठांना एकच चार्ट दोन प्रकारे काढून शेजारी शेजारी दाखवावा: एकात ‘एकूण’ लाल, दुसऱ्यात करडा. पहिल्यात गेल्या वर्षीचा ४२ कोटींचा एबिट्डा तोट्यासारखा दिसतो हे पाहिल्यावर वाद घालावा लागत नाही.

निळी_शाई

करड्याबद्दल एक सूचना. बाकीचे बार मागे राहावेत म्हणून त्यांना फार फिका करडा देण्याची पद्धत आहे, पण चाकणकर यांच्या चार्टमधला विजेचा ०.९ चा बार आधीच चिंचोळा आहे. तो (२१७, २१७, २१७) अशा करड्यात दिला तर प्रोजेक्टरवर पांढऱ्या पडद्यात विरून जाईल. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये अर्थवाही चित्रघटकांसाठी पार्श्वभूमीशी किमान ३:१ कॉन्ट्रास्ट सांगितला आहे. पांढऱ्यावर (१४८, १४८, १४८) हा करडा तो जेमतेम गाठतो. त्यापेक्षा फिका नको. लेबलच्या अक्षरांना ४.५:१ लागतो, म्हणून करड्या अक्षरांसाठी (११८, ११८, ११८) किंवा त्याहून गडद करडा घ्यावा.

चाकणकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या महिन्याचा अहवाल आपल्या सूचनांप्रमाणे तयार केला, त्याची माहिती देतो.

खतावणी यांचा स्टॅक्ड कॉलमचा साचा घेतला आणि गुणकाच्या सेलमुळे नफ्याचा व खर्चाचा असे दोन्ही ब्रिज त्यातूनच निघाले. अनुकूलला निळा (०, ११४, १७८), प्रतिकूलला नारिंगी (२३०, १५९, ०), गेल्या वर्षीला मध्यम करडा आणि यंदाला गडद करडा दिला. ‘ठळक’ मालिकेला शेंदरी दिला, त्यामुळे कच्च्या मालाचा बार नारिंगी बारांच्याच कुळातला, पण त्यांच्यापेक्षा गडद दिसतो. आकड्यांपुढे चिन्हे आहेत आणि हिशेबतपासनीस यांनी सुचवलेली ओळ चार्टखाली घातली आहे. बैठकीत रंगांबद्दल कोणी काही विचारले नाही. पहिला प्रश्न पोलादाच्या दराबद्दल आला आणि अर्धा वेळ त्यावरच चर्चा झाली.

एक प्रश्न उरतो. या महिन्यात कच्चा माल ठळक करणे सोपे होते. पुढच्या महिन्यात कोणता बार ठळक करायचा हे मी ठरवायचे की सूत्राने? मी ठरवले तर एखाद्या विभागप्रमुखाला आपल्यावर बोट ठेवल्यासारखे वाटू शकते.

हिशेबतपासनीस

सूत्राने, आणि त्याचा नियम आकडे हाती येण्याआधी ठरलेला असावा. आरंभीच्या एबिट्डाच्या १० टक्क्यांपेक्षा मोठा प्रतिकूल बदल ठळक, असा काहीतरी नियम बैठकीतच संमत करून घ्या. तुमच्या आकड्यांत ती मर्यादा ४.२ कोटी येते, म्हणजे ५.८ चा कच्चा माल ठळक होतो आणि १.४ ची मजुरी होत नाही. मर्यादा ओलांडणारे दोन बार निघाले तर दोन्ही ठळक करावेत, आणि एकही निघाला नाही तर त्या महिन्यात ठळक काहीच ठेवू नये.

खतावणी

साच्यात हे बसवायला एकच बदल लागतो. गुणकाच्या शेजारच्या सेलमध्ये मर्यादा लिहा. बदल गुणिले गुणक हे ‘वजा मर्यादे’पेक्षा कमी आले तर उंची ‘ठळक’मध्ये जाईल, नाहीतर आधीप्रमाणे ‘अनुकूल’ किंवा ‘प्रतिकूल’मध्ये. खर्चाच्या ब्रिजची मर्यादा रुपयांत वेगळी द्यायला विसरू नका. २१२ चे १० टक्के २१.२ होतात आणि कच्च्या मालाचे १४ रुपये त्यात कधीच ठळक होणार नाहीत. तिथे ५ टक्के, म्हणजे १०.६ रुपये, योग्य ठरतील.

चाकणकर

५ टक्क्यांनी करून पाहिले. खर्चाच्या ब्रिजमध्येही फक्त कच्चा माल ठळक होतो. दोन्ही मर्यादा पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतो आणि आकडे काढून टाकलेला साचा उद्या इथे चढवतो.